जुन्या डीसीएमच्या मार्गावर १०० जी : सिग्नलची विकृती नेमकी कुठे दुरुस्त करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर ते पुणे या मार्गावर सुमारे २६५ किलोमीटर केबल आहे. तिचे चार स्पॅन, म्हणजे दोन ॲम्प्लिफायरमधले टप्पे, असून फायबर जुने, जी.६५२ जातीचे आहे. मधल्या तीन ॲम्प्लिफायर ठाण्यांत आणि पुण्याच्या टोकाला १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिटच्या) काळात बसवलेले ६० किलोमीटरचे डीसीएम, म्हणजे डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबी मागेपुढे पोहोचून सिग्नल पसरणे) भरून काढणारे मॉड्यूल, अजून जागेवर आहेत. या मार्गावर १० जीचे चॅनेल विनातक्रार चालतात. त्यांच्या लगतच्याच चॅनेलवर १०० जीचे कोहेरंट कार्ड, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर फेजही (तरंग चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) वाचणारे कार्ड, लावले असता रिसीव्ह पॉवर मर्यादेत आणि ओटीडीआरचा (फायबरमधले तुटके व सदोष जोड दाखवणाऱ्या उपकरणाचा) आलेख स्वच्छ असूनही एफईसीपूर्वीच्या, म्हणजे चूक-दुरुस्ती कोड लागण्याआधीच्या, चुका फार दिसतात, आणि दुपारी त्या आणखी वाढतात. ॲम्प्लिफायरचे आउटपुट २ डीबीने वाढवून पाहिले, तर परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. आता उरलेले डिस्पर्शन काढण्यासाठी आणखी एक डीसीएम बसवावे, की कार्डातच काही सेटिंग आहे, आणि डिजिटल बॅकप्रॉपगेशन नावाच्या तंत्राचा येथे उपयोग होईल का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो आणि मग त्यामागची कारणे. आणखी डीसीएम बसवू नका, आणि वाढवलेली पॉवर आजच पूर्ववत करा. आपल्या कार्डाला उरलेल्या डिस्पर्शनचा काहीही त्रास नाही. त्रास बहुधा शेजारच्या १० जी चॅनेलचा आहे, आणि तो वाढवण्याचे काम मार्गावरचे डीसीएमच करत आहेत. दुपारची वाढ हा वेगळा दोष असू शकतो, त्याकडे नंतर येतो.

विकृती दुरुस्त करण्याचा विचार करताना एक भेद पहिल्यापासून मनात पक्का ठेवावा लागतो. काही विकृतींमध्ये सिग्नलमधली माहिती शाबूत असते, फक्त ती विस्कटलेली असते. अशी विकृती गणिताने पूर्णपणे उलटवता येते. काही विकृतींमध्ये माहितीचा एखादा भाग दबून जातो. तो वर उचलता येतो, परंतु त्याच्याबरोबर गोंगाटही वर येतो. आणि जो गोंगाट यादृच्छिक आहे, म्हणजे ॲम्प्लिफायरने घातलेला, तो कोणत्याही इक्वलायझरने, म्हणजे विकृती उलटवणाऱ्या फिल्टरने, काढता येत नाही. त्यातून झालेल्या चुका एफईसीनेच सुधाराव्या लागतात, आणि त्याही एका मर्यादेपर्यंतच. आपली तक्रार यांपैकी कोणत्या प्रकारात बसते हे ठरवल्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज असतो.

क्रोमॅटिक डिस्पर्शन पहिल्या प्रकारात मोडते. जी.६५२ फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या आसपास ते प्रति किलोमीटर सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर असते. म्हणजे एक नॅनोमीटर अंतरावरच्या दोन तरंगलांबी एकाच क्षणी निघाल्या, तर एक किलोमीटरनंतर त्यांच्यात १७ पिकोसेकंदांचे अंतर पडते. आपल्या २६५ किलोमीटरसाठी ही बेरीज सुमारे ४,५०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर होते. प्रत्येक डीसीएम सुमारे १,०२० वजा करते, चार मिळून ४,०८०, आणि शिल्लक राहतात सव्वाचारशेच्या आसपास. साध्या १० जी रिसीव्हरची सहनशक्ती साधारण १,००० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर असते, म्हणून आपले १० जी चॅनेल खुशाल चालतात. ही सहनशक्ती वेगाच्या वर्गाने घटते. २.५ जीला ती सोळा हजारांच्या घरात होती, म्हणून त्या काळी सोलापूर-पुणे अंतरात डिस्पर्शनचा कोणी विचारही करत नसे. त्याच पद्धतीने ४० जी पाठवू म्हटले असते, तर ती साठावर आली असती, म्हणजे जेमतेम साडेतीन किलोमीटर.

१० जीला प्रकाशातच दुरुस्ती का करावी लागली, याचे कारण त्याच्या रिसीव्हरमध्ये आहे. फोटोडायोड प्रकाशाची फक्त तीव्रता मोजतो, फेज टाकून देतो. डिस्पर्शनने केलेली सर्व गडबड फेजमध्ये असते. फेजच हातातून गेल्यावर विद्युत बाजूला कितीही चांगला इक्वलायझर लावला तरी तो अंशतःच उपयोगी पडतो. त्यामुळे फोटोडायोडपर्यंत पोहोचण्याआधीच, उलट चिन्हाचे डिस्पर्शन असलेल्या फायबरच्या रिळातून सिग्नल फिरवून तो सरळ करणे भाग होते. आपल्या डीसीएमच्या पेटीत असे सुमारे दहा किलोमीटरचे रीळ असते. चार पेट्यांमुळे आपला प्रकाश जवळजवळ चाळीस किलोमीटर जादा फिरतो. त्याने एका दिशेला सुमारे २०० मायक्रोसेकंदांचा जादा विलंब होतो आणि प्रत्येक पेटीमागे पाच-सहा डीबीचा क्षय सोसावा लागतो.

कोहेरंट रिसीव्हरची गोष्टच निराळी आहे. तेथे येणारा प्रकाश स्थानिक लेसरशी मिसळला जातो आणि दोन्ही पोलरायझेशनचे (प्रकाशाच्या कंपनाच्या दोन काटकोनी दिशांचे) प्रत्येकी दोन घटक, असे चार विद्युत सिग्नल मिळतात. तीव्रता, फेज आणि पोलरायझेशन हे तिन्ही त्यांत शाबूत असतात. चार ॲनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर त्यांचे सेकंदाला ६० अब्जांच्या आसपास नमुने घेतात, आणि तेथून पुढे सगळे काम आकड्यांचे असते. डिस्पर्शन गणिताच्या भाषेत असा फिल्टर आहे की जो कोणत्याही फ्रिक्वेन्सीचे बळ कमी-जास्त करत नाही, फक्त तिची फेज वर्गाच्या प्रमाणात फिरवतो. त्याचा नेमका उलटा फिल्टर लावला की विकृती संपते, आणि या उलट फिल्टरने गोंगाट वाढत नाही. ही दुरुस्ती जवळजवळ फुकटात मिळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याच मार्गाचे गणित करून पाहू. १०० जीचे कार्ड साधारण ३२ गिगाबॉडने (सेकंदाला ३२ अब्ज सिंबॉलांनी) चालते, म्हणजे त्याचा वर्णपट सुमारे पाव नॅनोमीटर रुंद असतो आणि एक सिंबॉल ३१ पिकोसेकंदांचा. सगळे डीसीएम काढून टाकले तर ४,५०० गुणिले पाव, म्हणजे एक सिंबॉल सव्वाअकराशे पिकोसेकंदांवर पसरेल, आणि छत्तीस-सदतीस शेजारी एकमेकांत मिसळतील. डोळ्यांना तो सिग्नल निव्वळ गोंगाट वाटेल. तरीही डीएसपीला, म्हणजे कार्डातल्या सिग्नलचे गणित करणाऱ्या चिपला, त्यासाठी सिंबॉलमागे दोन नमुन्यांच्या हिशेबाने पाऊणशेच्या आत गुणक लागतात. प्रत्यक्षात हे काम एफएफटी या जलद गणितपद्धतीने फ्रिक्वेन्सीच्या बाजूला तुकड्यातुकड्यांनी केले जाते, कारण तसे ते स्वस्त पडते. लांब पल्ल्याची १०० जी कार्डे काही दहा हजार पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर सहज पेलतात. तेव्हा आपले सव्वाचारशे काय आणि साडेचार हजार काय, कार्डाला दोन्ही सारखेच.

डिस्पर्शनच्या बाबतीत तपासण्यासारखे एकच सेटिंग आहे. काही कार्डांमध्ये डिस्पर्शन शोधण्याची किमान आणि कमाल मर्यादा भरावी लागते. ती आपल्या शिल्लक आकड्याला सामावून घेत नसेल, तर कार्ड लॉकच होत नाही किंवा प्रत्येक खंडानंतर लॉक व्हायला फार वेळ घेते. आपले कार्ड लॉक झालेले आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे लागू नाही. कार्डाच्या स्क्रीनवर दाखवलेले डिस्पर्शन चारशे-साडेचारशेच्या आसपास आहे एवढे पाहून घ्या. ते फार वेगळे दिसले, तर कागदावरची केबलची लांबी तरी चुकीची आहे किंवा एखादी डीसीएम पेटी वेगळ्या जातीची आहे.

पोलरायझेशनच्या विकृतीबद्दल थोडे. फायबर कधीच पूर्ण गोल नसते, म्हणून दोन पोलरायझेशन किंचित वेगळ्या वेगाने जातात, आणि हा फरक अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जी.६५२.डी फायबरसाठी मर्यादा ०.२ पिकोसेकंद प्रति वर्गमूळ-किलोमीटर आहे, जुन्या उपप्रकारांसाठी ०.५ होती. सर्वांत वाईट धरले तरी आपल्या मार्गावर हा सरासरी फरक आठ पिकोसेकंदांच्या आसपास येतो. १० जीसाठी साधारण दहाची मर्यादा मानतात, आणि १०० जी कोहेरंट कार्ड त्याच्या दुपटीहून अधिक पेलते. या विकृतीचा खरा अवघडपणा तिच्या आकड्यापेक्षा ती सतत बदलते यात आहे. महामार्गाच्या पुलांवरून, लांबोटीजवळ सीनेवर किंवा उजनीजवळ भीमेवर, लोखंडी पाइपातून केबल नेलेली असेल, तर प्रत्येक अवजड वाहनाच्या कंपनाने पोलरायझेशन हलते. उच्चदाब वाहिन्यांच्या माथ्यावरच्या भूसंपर्क तारेतून जाणाऱ्या फायबरमध्ये वळवाच्या पावसात वीज पडली, की ते क्षणात गरगर फिरते. म्हणून डीएसपीत चार फिल्टरांचा एक आडवातिडवा संच असतो, आणि तो आपले गुणक सतत स्वतःच सुधारत राहतो. पाठवलेले बिट माहीत नसतानाही हे साधते, कारण क्यूपीएसकेच्या (फेजच्या चार स्थितींनी बिट पाठवण्याच्या पद्धतीच्या) चारही बिंदूंचे केंद्रापासूनचे अंतर सारखे असते आणि त्यापासून झालेले विचलन हीच चूक मानून गुणक हलवले जातात. ही युक्ती गोडार यांनी १९८० मध्ये मांडली, ती टेलिफोन-मॉडेमसारख्या संथ सर्किटांसाठी. त्यानंतर येणारा फेजचा अंदाज घेण्याचा जो चौथ्या घाताचा मार्ग अनेक कार्डे वापरतात, तो अँड्र्यू आणि ऑड्री विटर्बी यांच्या १९८३ च्या लेखातला. येथे १९८३ हे साल महत्त्वाचे, कारण ऑप्टिकल कोहेरंट कार्डे बाजारात आली ती २००८ ते २०१० च्या काळात. गणित तयार होते, पुरेशा वेगाची चिप नव्हती.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे वळू. आधी गोंगाटाचा हिशेब करू, कारण पॉवर वाढवण्याचा मोह तेथूनच होतो. चार स्पॅन, प्रत्येकी २० डीबी क्षय, डीसीएमसह ॲम्प्लिफायरचा नॉइज फिगर (तो किती गोंगाट घालतो याचे माप) ७ डीबी आणि प्रति चॅनेल ० डीबीएम लाँच पॉवर (फायबरमध्ये सोडलेली पॉवर) धरली, तर पुण्याला ओएसएनआर, म्हणजे सिग्नलचे गोंगाटाशी प्रमाण, ५८ (हा ठरलेला स्थिरांक) उणे ७ उणे २० उणे ६ (चार स्पॅनचे), म्हणजे सुमारे २५ डीबी मिळतो. १०० जी क्यूपीएसके कार्डाला तेरा-चौदा डीबी पुरतात. म्हणजे शून्य डीबीएमलाही आपल्याकडे दहा डीबीहून अधिक शिलकी आहे. गोंगाट हे आपल्या चुकांचे कारण असते, तर इतक्या शिलकीवर चुका दिसल्याच नसत्या. मग पॉवर वाढवून मिळवायचे काय होते?

गमवायचे मात्र पुष्कळ होते. प्रकाशाची तीव्रता वाढली, की काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो. याला केर परिणाम म्हणतात. चॅनेल स्वतःच्या तीव्रतेने स्वतःची फेज बिघडवतो आणि शेजाऱ्याच्या तीव्रतेनेही ती बिघडते. या अरैखिक विकृतीची शक्ती लाँच पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सगळ्या चॅनेलची पॉवर २ डीबीने वाढवली की विकृती ६ डीबीने वाढते. डीसीएम नसलेल्या मार्गाच्या प्रचलित प्रतिमानानुसार, सर्वांत चांगल्या पॉवरला अरैखिक गोंगाट ॲम्प्लिफायरच्या गोंगाटाच्या निम्मा असतो. त्या बिंदूपासून २ डीबी वर गेलो तर सुमारे एक डीबीचे नुकसान होते आणि २ डीबी खाली आलो तर पाऊण डीबीचे. म्हणून खात्री नसेल, तेव्हा मी नेहमी खालच्या बाजूला राहतो.

डीसीएम असलेल्या मार्गावर मात्र नुकसान याहून जास्त असते आणि त्याचा स्वभावही वेगळा असतो. १० जी चॅनेल प्रकाश चालू-बंद करून चालतो, म्हणून त्याच्या तीव्रतेत सतत मोठे चढउतार असतात. शेजारचा १०० जी चॅनेल फेजवर चालतो आणि तोच नेमका या चढउतारांचा मारा झेलतो. डीसीएम नसते तर डिस्पर्शनमुळे १० जीचे पल्स काही किलोमीटरांतच पसरून एकमेकांत मिसळले असते, दोन चॅनेलही एकमेकांपासून वेळेत सरकत गेले असते, आणि प्रत्येक स्पॅनमधला मारा आधीच्यापेक्षा वेगळा पडून एकंदर परिणाम बराचसा विखुरला असता. डीसीएम प्रत्येक ठाण्यावर पल्स पुन्हा नीटनेटके करते आणि चॅनेलांना पुन्हा जवळपास त्याच वेळेवर आणून उभे करते. त्यामुळे चारही स्पॅनमध्ये तोच मारा त्याच जागी पडतो आणि फेजची चूक स्पॅनागणिक साचत जाते. त्यात भर म्हणजे डीसीएममधल्या फायबरचा गाभा फार लहान असतो आणि पॉवर वाढवली तर तेथेही अरैखिकता सुरू होते. १० जीच्या दुरुस्तीसाठी बसवलेले यंत्र १०० जीच्या विकृतीचे साधन होते ते असे.

हे खरे की खोटे, हे आपल्याला एका रात्रीच्या देखभाल-वेळेत सिद्ध करता येईल. पहिली चाचणी अशी : ॲम्प्लिफायरला हात न लावता फक्त १०० जी कार्डाची पॉवर अर्ध्या-अर्ध्या डीबीने वर-खाली करा आणि प्रत्येक पायरीला क्यू, म्हणजे कार्ड दाखवते ते सिग्नलच्या गुणवत्तेचे माप, लिहून ठेवा. गोंगाट कारण असेल, तर पॉवरबरोबर क्यू जवळजवळ तितकाच वाढेल. स्वतःचीच अरैखिकता असेल, तर एका उंचीनंतर तो घसरेल. शेजाऱ्याचा मारा असेल, तर क्यू एका पातळीला चिकटून बसेल आणि पॉवर वाढवल्याने विशेष काही होणार नाही, कारण शेजाऱ्याने दिलेली फेजची चूक आपल्या पॉवरवर अवलंबून नसते. आपण आधी ॲम्प्लिफायरचे आउटपुट वाढवले होते, म्हणजे शेजाऱ्यांचीही पॉवर वाढवली होती, म्हणून त्या प्रयोगातून हा भेद कळू शकला नाही. दुसरी चाचणी याहून सरळ आहे : लगतच्या दोन्ही १० जी चॅनेलची पॉवर एक-दीड डीबीने उतरवा. त्यांना ते सोसते. १०० जीच्या चुका लगेच घटल्या, तर निदान पक्के झाले.

कार्ड कॉन्स्टेलेशन, म्हणजे मिळालेल्या सिंबॉलांच्या बिंदूंचे चित्र, दाखवत असेल, तर तेही पाहा. चार ठिकाणी ठिपक्यांचे गोल ढग दिसले, तर तो ॲम्प्लिफायरचा गोंगाट समजावा. ढग केंद्राभोवती वळसा घेत आडवे ताणलेले दिसले, म्हणजे बिंदूंचे केंद्रापासूनचे अंतर ठीक असून कोन मात्र डळमळतो आहे असे दिसले, तर ती फेजची विकृती आहे. कार्डातला फेजचा अंदाज काही सिंबॉलांच्या सरासरीवर चालतो. ही सरासरी लांब असेल, तर शेजाऱ्याच्या जलद माऱ्याचा पाठलाग तिला जमत नाही. काही कार्डांत ही लांबी बदलता येते आणि १० जीच्या शेजारी ती आखूड ठेवल्यास थोडा फायदा मिळतो. आपल्या पहिल्या प्रश्नातले 'कार्डातले सेटिंग' कुठे असेल, तर ते हे आहे. त्याची किंमत अशी, की सरासरी आखूड केल्यावर गोंगाट कमी गाळला जातो. आपल्याकडे शिलकी असल्याने ते परवडते.

फेजचा हा अंदाज कधीकधी पूर्ण ९० अंशांनी चुकतो आणि तेथून पुढचे सगळे बिट उलटसुलट वाचले जातात. याला सायकल स्लिप म्हणतात. त्याची खूण अशी की चुकांची सरासरी चांगली दिसते, तरी एफईसीनंतर मधूनच चुकांचा झटका येतो. म्हणून पंधरा मिनिटांच्या नोंदीत सरासरी बघून समाधान मानू नये, कमाल आकडा बघावा. डिफरन्शियल कोडिंग चालू असेल, तर ते अशा मार्गावर बंद करू नका.

एफईसीबद्दल एवढेच सांगतो, की तो चांगला असल्यामुळेच फसवा आहे. २० टक्के जादा बिट घेणारा सॉफ्ट-डिसिजन एफईसी शंभर बिटांमागे दोन चुकांपर्यंत सगळे दुरुस्त करतो आणि ग्राहकाला स्वच्छ सेवा मिळते. त्यापुढे अर्धा डीबी घसरला, की सेवा एकदम बंद पडते. मधली पायरी नसते. त्यामुळे आज चालते आहे या समाधानावर मार्ग सोडू नये. मर्यादेपेक्षा क्यू दोन-तीन डीबी वर असलाच पाहिजे.

दुपारच्या वाढीबद्दल. दुपारी ट्रॅफिक वाढते म्हणून चुका वाढतात, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. चॅनेलवर ग्राहकाचा डेटा असो वा नसो, लाइनवर बिट सारख्याच वेगाने वाहत असतात. जमिनीत गाडलेल्या केबलचे तापमान एका दिवसात फारसे बदलत नाही, आणि वीस अंशांचा फरक धरला तरी आपल्या संपूर्ण मार्गाचे डिस्पर्शन दहा पिकोसेकंद प्रति नॅनोमीटरच्या आसपासच हलते. तेव्हा केबलऐवजी खोलीकडे पाहा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, आणि रस्त्याकडेच्या ठाण्यातला एसी बंद असेल तर आत काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

तापमानाने बिघडणाऱ्या वस्तूंमध्ये माझा पहिला संशय जुन्या मल्टिप्लेक्सरवर, म्हणजे चॅनेल एकत्र आणि वेगळे करणाऱ्या फिल्टरवर, असतो. काचेच्या चिपवर बनवलेल्या जुन्या एडब्ल्यूजी जातीच्या मल्टिप्लेक्सरला आतला हीटर एका ठरावीक तापमानावर धरून ठेवतो. तो हीटर किंवा त्याचे नियंत्रण बिघडले, तर फिल्टरचा मध्य प्रति अंश सुमारे ०.०११ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ १.४ गिगाहर्ट्झ सरकतो. दहा अंशांत १४ गिगाहर्ट्झ. १० जीचा वर्णपट अरुंद असल्यामुळे त्याला हे जाणवतही नाही, मात्र ३२ गिगाबॉडचा सिग्नल ५० गिगाहर्ट्झच्या खिडकीत एका बाजूने कापला जातो. ही विकृती दुसऱ्या प्रकारातली आहे : इक्वलायझर कापलेली बाजू उचलतो, आणि तिच्याबरोबर गोंगाटही. तपासणी सोपी आहे. कार्डाच्या लेसरची फ्रिक्वेन्सी दोन-दोन गिगाहर्ट्झने दोन्ही बाजूंना सरकवा आणि क्यू लिहा. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळी आलेख मध्याभोवती सममित आला, तर मल्टिप्लेक्सर निर्दोष आहे. दुपारी तो एका बाजूला झुकला, तर दोष सापडला. हे करण्याआधी पॅच कॉर्डचे तोंड स्कोपखाली पाहून स्वच्छ करून घ्या. रस्त्याच्या कामाची धूळ आपल्याकडे कमी नाही, आणि घाणेरड्या कनेक्टरवर निदानात वाया गेलेल्या रात्री या धंद्यात सर्वांनीच पाहिल्या आहेत.

डिजिटल बॅकप्रॉपगेशनविषयी आपण विचारले आहे. कल्पना सुंदर आहे : मिळालेला सिग्नल संगणकात एका काल्पनिक, उलट चिन्हाच्या फायबरमधून मागे चालवायचा, म्हणजे डिस्पर्शन आणि अरैखिकता दोन्ही एकदम उलटतील. इप आणि कान यांनी २००८ मध्ये ती कोहेरंट रिसीव्हरसाठी सविस्तर मांडली. परंतु रिसीव्हरला फक्त स्वतःचा चॅनेल दिसतो. शेजाऱ्याने काय मारा केला हे त्याला माहीत नसते, त्यामुळे फक्त स्वतःने केलेली विकृती उलटवता येते. त्यातून प्रत्यक्षात मिळणारा लाभ एका डीबीच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि चिपची वीज मात्र भरपूर खर्च होते. आपले दुखणेच शेजाऱ्याचे असल्याने या तंत्राचा येथे उपयोग नाही.

मग करायचे काय? तात्काळ उपाय म्हणजे १०० जी चॅनेल १० जीच्या समूहापासून दूर न्या. मध्ये १०० ते २०० गिगाहर्ट्झ, म्हणजे दोन ते चार चॅनेल मोकळे सोडा आणि १० जीची पॉवर वर सांगितल्याप्रमाणे उतरवा. एवढ्याने काम भागायला हवे. कायमचा उपाय म्हणजे सगळे १० जी एका मक्सपाँडरवर (अनेक चॅनेल एकत्र बांधणाऱ्या कार्डावर) गोळा करून दुसऱ्या १०० जीतून न्या आणि डीसीएम मार्गावरून काढून टाका. अर्धे काढून अर्धे ठेवू नका. शेवटचा १० जी चॅनेल हलल्याशिवाय पहिली पेटी हलवू नका, कारण त्याची सहनशक्ती हजाराचीच आहे आणि एक पेटी गेली की शिल्लक साडेचौदाशेवर जाते.

पेटी काढताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ती ॲम्प्लिफायरच्या दोन टप्प्यांच्या मध्ये जोडलेली असते आणि तिचा पाच-सहा डीबी क्षय ॲम्प्लिफायरच्या हिशेबात धरलेला असतो. तेथे नुसती पॅच कॉर्ड जोडली, तर दुसऱ्या टप्प्यावर जादा पॉवर जाते, ॲम्प्लिफायरचा गेन बदलतो आणि चॅनेलांची पातळी वर्णपटाच्या एका टोकाकडे कलते. म्हणून पहिल्या रात्री तेवढ्याच क्षयाचा अटेन्युएटर लावावा आणि नंतर गेन-टिल्ट नव्याने बसवून तो टप्प्याटप्प्याने काढावा.

पुढे-मागे या मार्गावर ४०० जीचे छोटे प्लग लावण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर एक आकडा तपासून घ्या. ४०० झेडआर हा मानक २०२० मध्ये आला तो १२० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी, आणि त्याची डिस्पर्शनची सहनशक्ती २,४०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर आहे. डीसीएम काढलेल्या आपल्या मार्गाचे साडेचार हजार त्यात बसत नाहीत. शिवाय तो वापरतो त्या १६-क्वाम पद्धतीत चाराऐवजी सोळा बिंदू दाट असल्याने त्याला ओएसएनआरही बराच जास्त लागतो. झेडआर-प्लस वर्गातले प्लग डिस्पर्शन पेलतात, मात्र त्यांच्या लाँच पॉवरचा हिशेब वेगळा करावा लागतो.

डीसीएम निघाल्यावर कार्डाची पॉवर-चाचणी पुन्हा करा, कारण सर्वोत्तम पॉवर आता वेगळी असेल, आणि त्या रात्री कार्ड जे डिस्पर्शन दाखवेल ते लाइनच्या वहीत नोंदवून ठेवा. हा आकडा पुढे केबलच्या लांबीचे मोजमाप म्हणून उपयोगी पडतो. महामार्गाच्या खोदकामात केबल तुटली आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी वळसा घालून ती जोडली, तर किलोमीटरमागे सतराच्या हिशेबाने पाच किलोमीटरचा वळसा स्क्रीनवर ८५ ने वाढलेला दिसतो, मग कागदावर त्यांनी काहीही लिहिलेले असो.